मेंढीला बांधायची गाठ

आमच्यात अंग बाहेर आलेली मेंढी ठेवत नसत.

व्यायल्यावर एखाद्या मेंढीला असं व्हायचं. शेपटीखाली तांबडा, ओला गोळा लोंबायचा आणि ती खाली मान घालून उभी राहायची. माझे वडील, अप्पा, हात धुवायचे, मिठाच्या पाण्यानं ते अंग धुवायचे, हळूहळू आत सारायचे. मग सुती दोरीनं मेंढीला बांधायचे. पोटाखालून दोरी घ्यायची, पाठीवर फुली पाडायची, मागच्या पायांमधून ओढून पुन्हा पाठीवर आणायची आणि गाठ मारायची. आमच्या करजगी गावाच्या आसपासची माणसं आपापल्या मेंढ्या आमच्या दारात आणायची, कारण अप्पांची गाठ सुटत नाही असं सगळे म्हणायचे. गाठ बसली की मेंढी वाचायची. पण बाजाराचा दिवस आला की सगळ्यांत आधी तीच जायची.

"बरी झाली की आता," मी एकदा म्हणाले होते.

"पुढच्या वेताला परत यील," अप्पा म्हणाले. "मग कामून ठेवायची?"

पुढं भीमेचं पाणी रानात आलं, ऊस आला, चराईची जागा गेली आणि मेंढ्याही गेल्या. मी गुलबर्ग्याला कॉलेज केलं. आमच्या घराण्यात, बाप्या काय आणि बाई काय, पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही, उलट बरं वाटतं. अफजलपूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवायला लागले. सासर त्याच गावात. नवरा पुण्याच्या बाजूला कंपनीत, सणावाराला यायचा. पहिली मुलगी झाली. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, पण तो सहज झाला नाही.

नर्स पोटावर दाब देत होती, दुसरी डोक्याशी उभी राहून ओरडत होती, "ढकल, ढकल, अजून ढकल." शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून पोराला ओढलं. टाके घातले. पोरगा रडला, सासूबाईंनी साखर वाटली, आणि सगळं नीट झालं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही.

बाळंतपणानंतर करजगीला मायकडे गेले. पंधरवडा झाला असेल. न्हाणीत उकिडवी बसले होते. धुताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, ओलं, बाहेर आलेलं. माझंच होतं आणि माझं नव्हतं. मी हात काढून घेतला आणि तशीच बसून राहिले. गरम पाणी गार झालं तरी उठवेना. डोळ्यांपुढं शेपटीखाली गोळा लोंबणारी मेंढी उभी राहिली.

तीन-चार दिवस कुणाला बोलले नाही. शिंक आली की लुगडं ओलं व्हायचं, खोकला आला की ओलं व्हायचं. संध्याकाळी दोन मांड्यांमध्ये कुणी लिंबू ठेवल्यासारखं वाटायचं. बी.ए. झाले होते, बी.एड. झाले होते, पण आपल्या अंगात खाली काय काय आहे, ते कशानं धरून ठेवलेलं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. शेवटी मायला सांगितलं.

मायनं दार लावलं. पाहिलं. तिचा चेहरा बदलला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"अंग आलंय," ती म्हणाली. "रडू नको. बांधून देते."

तिनं आपलं जुनं लुगडं काढलं. मला आडवी केली, दोन बोटांनी ते अंग आत सारलं, आणि मग बांधायला लागली. पोटावरून वळसा, कमरेमागं फुली, दोन्ही पायांमधून पट्टा काढून पुन्हा वर, आणि गाठ. मी वर आढ्याकडं बघत होते. बाळंतिणीचं पोट सगळ्याच घरांत बांधतात, पण असं नाही बांधत. माय मेंढपाळाची लेक आणि मेंढपाळाचीच बायको. तिच्या हाताला दुसरी गाठ ठाऊक नव्हती.

"अप्पाची गाठ हाय ही," मी म्हणाले.

"मग? सुटली का कधी?"

बाळंतिणीनं पाणी कमी प्यायचं असतं, त्यामुळं शौचाला खडा व्हायचा. बसून जोर करावा लागायचा. जोर केला की अंग यायचं. मग माय आणखी आवळून बांधायची. हे असं चाललं होतं आणि आम्हा दोघींना वाटत होतं की आम्ही योग्यच करतोय.

रजा संपली, शाळेत गेले. तेव्हापासूनची भीती मी कुणाला नीट सांगू शकत नाही. फळ्यावर लिहिताना हात वर केला की खाली ओढ पडायची. मी काळ्या-निळ्या साड्याच नेसायला लागले. वर्गात दाराजवळ उभी राहायची. शाळेत पाण्याचा घोट घ्यायची नाही. पोरं हसली की वाटायचं, वास आला असेल. आणि सकाळी सकाळी स्वतःच्या हातानं ते लुगडं बांधायची, आदल्या दिवसापेक्षा जास्त आवळून, श्वास लागेपर्यंत. तरी संध्याकाळी सोडावं तर अंग आदल्या दिवसापेक्षा खालीच.

सासूबाईंना कळायचं ते कळलंच. त्या मला गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं केलं आणि हात पुसत विचारलं, "पोरं किती?"

"एक पोरगी, एक पोरगा," सासूबाईंनी उत्तर दिलं.

"मग झालं की. पिशवी काढून टाकू. संक्रांत झाली की या."

बाहेर आल्यावर सासूबाई मोकळ्या झाल्यासारख्या बोलायला लागल्या. "आपल्या गल्लीत कुणाची राहिलीय? माझी गेली, शेजारणीची गेली. तुझ्या मायची न्हाई का गेली? मेलो का आम्ही?"

मेल्या नव्हत्या. पण मी मायला पाहत होते ना. चौथ्या बाळंतपणानंतर मायची पिशवी काढली तेव्हा मी सहावीत होते. ऑपरेशनच्या आधी ती भरलेली घागर कमरेवर घेऊन माझ्याशी बोलत चालायची. नंतर ती भिंत धरून उठायला लागली. कंबर गेली, झोप गेली, मध्येच अंगातून वाफा निघायच्या. चाळिशीच्या आत ती म्हातारी झाली. आणि एक सवय तिला तेव्हापासून लागली होती: वाकळेचा एक घडी केलेला तुकडा ती कुठंही सोबत न्यायची. लग्नात, बसमध्ये, कुणाच्या दारात, आधी तो तुकडा टाकायचा आणि मग त्यावर बसायचं. आम्ही पोरं चिडवायचो, "राणीसाहेबांची गादी आली." तीही हसायची. कंबर दुखते म्हणून ती तसं करते, असंच आम्हाला वाटायचं.

मी सत्तावीस वर्षांची होते. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणलेत तर करून टाक. घाबरू नको." घाबरू नको म्हणणं सोपं असतं. मला पिशवीत आणखी पोर वाढवायचं नव्हतं. पण अंग आलं म्हणून दोरी, दोरीनंतर बाजार, हा रस्ता मी लहानपणी पाहिला होता. त्या रस्त्यानं निघालेली मी आणखी एक, एवढंच मला दिसत होतं.

शाळेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितलं, "काढायचीच असेल तर सोलापूरला काढ. तिथं मोठा दवाखाना आहे, बाई डॉक्टर आहे." म्हणजे मी काही ऑपरेशन टाळायला सोलापूरला गेले नाही. चांगल्या हातानं व्हावं म्हणून गेले. मायला सोबत घेतलं. बसमध्ये तिनं आपली वाकळ टाकली, मी लुगड्यात आवळलेली, आणि प्रत्येक खड्ड्याला दोघी पुढचा बार धरायचो.

बाई डॉक्टरांनी मला नीट तपासलं. खोकायला लावलं, उभं केलं, पुन्हा आडवं केलं. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "ऑपरेशनची गरज नाही. निदान आत्ता तरी नाही. मी तुम्हाला फिजिओथेरपीला पाठवते. काही महिने मनापासून करा, मग बघू."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भीतीच वाटली. बाहेर बाकावर माय माझ्या कानाशी आली.

"ऑपरेशन कामून न्हाई म्हणायल्यात? काय लपवायल्यात?"

"न्हाई गं."

"हाताबाहेर गेलं की असंच म्हणतेत. घरी न्या, सेवा करा म्हणतेत. तुझ्या आज्ज्याच्या वक्ताला असंच म्हणले हुते."

माझ्याही मनात तेच आलं होतं. फिजिओथेरपी म्हणजे हात मोडलेल्याला, अंगावरून वारं गेलेल्याला देतात एवढं मला ठाऊक होतं. तिथं माझं काय काम?

ती खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. आत माझ्याहून लहान वाटावी अशी एक बाई होती, सोलापूरचीच, मराठी बोलता बोलता दाराबाहेरच्या आयाला तेलुगूत काहीतरी सांगणारी. तिनं मायला पडद्याबाहेर स्टुलावर बसवलं, पडदा ओढला आणि मला आधी खुर्चीवर बसवून एवढंच म्हणाली, "मी सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. आणि तुम्ही नको म्हणालात की थांबणार." इतक्या दिवसांत माझ्या अंगाला इतक्या जणांनी हात लावला होता, पण हे कुणी म्हणालं नव्हतं.

तिनं साडी बाजूला करायला सांगितली आणि लुगडं बघून थांबली.

"हे काय बांधलंय?"

मी सांगितलं. मेंढीचंही सांगितलं, का ते ठाऊक नाही. ती हसली नाही. लुगडं सोडायला लागली. वळशामागून वळसा निघत होता, ती गोळा करत होती, आणि मी टेबलाची कड घट्ट धरली होती. वाटत होतं, शेवटचा वळसा निघाला की माझ्या आतलं सगळं त्या फरशीवर येणार.

"मेंढी चार पायांवर असते बाई," ती म्हणाली. "तिचं पोट जमिनीकडं लोंबतं. तुम्ही दोन पायांवर. वरून पोट आवळलं की आतलं कुठं जाईल? खालीच जाईल ना?"

खाली काय असतं ते तिनं मग हातानं दाखवलं. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी टांगलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, शौचाची जागा, सगळं त्या झोळीत. बाळंतपणात झोळी ताणली गेली, एका बाजूला थोडी उसवली. "झोळी ढिली झाली म्हणून आतलं सामान कुणी फेकून देतं का?" ती म्हणाली. आमच्याकडं कोकरू झोळीत घालून खांद्याला अडकवायचे. मला ते चटकन समजलं.

मग हातमोजे घालून, सांगून, तिनं बोटानं तपासलं. दुखलं, पण भीतीपेक्षा कमी दुखलं.

"आता माझं बोट आत ओढून घ्या."

मी सगळा जीव एकवटला.

"नाही. तुम्ही ढकलताय."

"ओढायलीय की."

"ढकलताय. ओढायचं म्हटलं की तुम्ही ढकलताय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाळंतपणात ओरडून ओरडून एकच गोष्ट शिकवली होती, ढकल. त्यानंतर शौचाला ढकल. अंगाला तेवढंच ठाऊक राहिलं होतं. शिकवलेलं सगळं पहिल्या झटक्यात येणारी मी, आणि इथं माझंच अंग माझं ऐकेना. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "सासरी नवीन असताना, सगळी पंगत बसलीय, सासरे समोर आहेत, तुम्ही वाढायला वाकलात, आणि पोटात वारा आला. तर काय करता?"

पडद्याच्या पलीकडून मायचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी ती हसत होती.

आणि मी ते केलं. आवळलं, वर घेतलं. अगदी थोडं.

"हां," ती म्हणाली. "हेच. इतकंच. हे करताना श्वास कोंडायचा नाही, पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. बघणाऱ्याला कळता कामा नये."

तिनं रोज काय, कसं करायचं ते शिकवलं. पाणी भरपूर प्यायला सांगितलं. शौचाला जोर करायचा नाही. लुगडं बांधायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. परतीच्या बसमध्ये ते पिशवीत होतं आणि मी दोन्ही हात पोटावर धरून बसले होते.

"परत बांधू का?" माय म्हणाली.

"नको."

"पडलं तर?"

मलाही तेच विचारायचं होतं.

घरी सासूबाईंनी चौकशी केली. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही, टाके नाहीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग सोलापूरला जाऊन काय शिकून आलीस? बसायला?" दिसायला खरंच तसंच होतं. ज्वारी निवडताना बसलेय, पोराला पाजताना बसलेय, शाळेत पेपर तपासत बसलेय, आणि आत आवळतेय, सोडतेय. कधी कधी काहीच जाणवायचं नाही. अंगाचा तो भाग जणू मेलाय. मग मी घाबरून ढकलून बघायची, आणि लगेच अंग खाली लागायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत शिंकेला थोडं कमी ओलं व्हायला लागलं. पण मी ते मानायला तयार नव्हते. खोटी आशा धरायची भीती वाटत होती.

आणि एका दुपारी ते झालंच. नळाला पाणी आलं, सासूबाई बाहेर गेल्या होत्या, मी घागर उचलली. सवयीनं श्वास कोंडून, दात आवळून उचलली. घागर कमरेवर आली आणि खाली ते बाहेर आलं, सगळं, पहिल्यापेक्षाही जास्त. मी घागर तिथंच ठेवली आणि मोरीच्या कट्ट्याला टेकून बसले. मुलगी आली, "आई, काय झालं?" म्हणाली. तिला जवळ ओढलं. संक्रांत तोंडावर आली होती. मला वाटलं, संपलं. नशिबात तेच आहे तर उगाच सोलापूरच्या बस कशाला.

तरी पुन्हा सोलापूरला गेले, आता हा व्यायाम नको असं ती बाई म्हणेल या तयारीनं. तिनं तपासलं आणि तिला काही विशेष वाटलं नाही.

"उचलताना श्वास कोंडला होता?"

"सगळ्याच कोंडतेत की. त्याशिवाय उचलतंय का?"

"चूल आहे का घरी?"

"हाय."

"मग फुंकणी घ्या. आधी खालून आवळा, मग फुंका, मग उचला. फुंकत फुंकत उचला. रिकाम्या घागरीपासून सुरुवात करा. भरलेली अजून नको."

गॅस आला होता तरी पाणी तापवायला परसात चूल होती. मी फुंकणी घेऊन तिथं बसायची. आवळायचं, फुंकायचं, रिकामी कळशी उचलायची. सासूबाई दारातून बघायच्या. "विस्तव न्हाई, धूर न्हाई, आन् फुंकायलीय. शिकून शिकून पोरगी यडी झाली."

संक्रांत झाली. डॉक्टरांकडं जायच्या सकाळी सासूबाईंनी माझ्या दोन साड्या आणि टॉवेल पिशवीत भरून ठेवले होते.

"मी जाणार न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले.

"बरं झालं का तुला?"

"न्हाई."

"मग?"

अंग अजून संध्याकाळी उतरत होतं. तरी मी पिशवीला हात लावला नाही. चूक ठरलं तर सगळं गाव म्हणणार होतं, शिकलेली होती ना, आता भोग. सासूबाईंनी पिशवीतल्या साड्या काढून दोरीवर टाकल्या.

"भरलेली घागर मी आणते," त्या म्हणाल्या. "तू फुंकत बस."

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. म्हणाल्या, बरंच वर गेलंय. थोडं आहे, ते राहील, जपावं लागेल. पण चाकू लावायचं काही कारण नाही. मी दोनदा विचारलं. दोनदा त्यांनी तेच सांगितलं.

त्याही वेळी माय सोबत होती. आम्ही त्या मागच्या खोलीत शेवटचं भेटायला गेलो. मी उठले, पण माय स्टुलावरून उठेना. वाकळेचा तुकडा तिच्याखाली होता.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी तर पिशवीच न्हाई. काढलेली हाय. मला जमंल का हे?"

"तुम्हाला काय होतं?"

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. "लई वर्सं झाली," म्हणाली. "हसलं तरी होतंय. बसल्या जागी होतंय. म्हणून हे." आणि तिनं खालची वाकळ हातानं दाबून दाखवली.

राणीसाहेबांची गादी. मी भिंतीकडं तोंड केलं.

"पिशवी गेली तरी झोळी असतेच," ती बाई म्हणाली. "या, बसा इथं."

त्या सुट्टीत मी करजगीला राहिले. दुपारी ओट्यावर भिंतीला टेकून आम्ही दोघी बसायचो. एकदा चुलती आली, समोर उभी राहिली, आमच्याकडं बघत राहिली.

"मायलेकी मुक्यावानी कामून बसलाव? भांडलाव का काय?"

"न्हाई," मी म्हणाले. "काम करायलाव."

"कसलं काम? हात तर रिकामे हायत."

माय आत आवळून धरत होती, तोंडानं हळूहळू फुंकत होती, आणि आत धरलेलं तिनं अजून सोडलं नव्हतं.